जोडीचं कार्ड

सायम्मा बोद्दुल माझ्या दुकानात आली ती डोक्यावर कॉम्प्युटर घेऊन. खाली चुंबळ, वर जुन्या लुगड्यात गाठ मारून बांधलेली पेटी आणि दोन्ही हात मोकळे. पायरीवर थांबून तिनं विचारलं, "कॉम्प्युटर दुरुस्त करणारे इंजिनेर तुम्हीच का?"

"इंजिनियर नाही हो मी. आयटीआय केलंय."

"मशीन उघडतो तो इंजिनेर. हात लावा आधी, मान गेली माझी."

मी हात लावला. पेटी उतरवली तेव्हा टेबल करकरलं.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं. जानेवारी सरत आला होता, गड्ड्याची जत्रा उठली होती आणि पाळणेवाले लोखंडी खांब ट्रकात भरत होते. सोलापुरात कन्ना चौकाच्या मागं माझं एवढंसं दुकान होतं. वर पाटी होती, 'मल्लिनाथ कॉम्प्युटर्स'. मी सव्वीस वर्षांचा होतो, म्हणजे मला सगळं येत होतं.

तिनं गाठ सोडली. आत पत्र्याची रुंद, पिवळट पडलेली पेटी होती, अकरा-बारा वर्षांपूर्वीची. असलं मशीन मी तोवर फक्त कोर्सच्या पुस्तकात पाहिलं होतं. हार्ड डिस्क विटेएवढी, आणि तिच्यात मावायचं ते आजच्या एका फोटोएवढं.

"हे कुठनं आणलंत अक्का?"

"कारखान्यातनं. दोन वर्षांमागं कारखाना बंद पडला ना आमचा. शेठ म्हणाले, बायांनो, जे चालत नाही ते घेऊन जावा. कुणी पंखा नेला, कुणी कपाट. मी हे मागितलं. सगळे हसले. आमचा यादगिरी म्हणाला, सायम्मा, ह्यात काय इडल्या लावणार काय?"

"चालत होतं तेव्हा?"

"शेवटच्या दिवसापर्यंत. घरी नेऊन खाटेखाली ठेवलं. परवा काढून लावलं तर जळका वास आला आणि गप झालं."

मी झाकण काढलं. वास कुठला ते लगेच दिसलं. डिस्कचं कार्ड जळलं होतं. मधोमध रुपयाएवढा काळा डाग, आणि कंपनीचं नाव असलेली चिठ्ठी त्याच डागात गेलेली.

त्या काळच्या डिस्कला स्वतःचं डोकं नसायचं. ती गरगर फिरायची, एवढंच तिचं काम. कुठं काय लिहायचं आणि लिहिलेलं कसं वाचायचं, हे ठरवायचं ते मशीनच्या पोटातलं एक वेगळं कार्ड. दोन पट्ट्यांनी डिस्कला जोडलेलं, एक पट्टी रुंद, एक अरुंद. ते कार्ड गेलं की डिस्क धडधाकट असूनही मुकी.

"डिस्क ठीक वाटते," मी म्हटलं. "कार्ड गेलंय. दुसरं मिळालं तर चालेल. पण अक्का, ह्याच्यापेक्षा नवीन मशीन..."

"नवीन काय करू? माझी चादर ह्यात आहे."

"चादर?"

मग ती स्टुलावर बसली आणि सांगू लागली. बोलताना तिची बोटं मांडीवर वाजत होती, एकेक करून, बाजाच्या पेटीवर सूर धरावा तशी. तिला ते ठाऊक नसावं.

चादरीवरची नक्षी मागावर उतरते ती पुठ्ठ्यांवरून. पुठ्ठ्याला भोक असलं की धागा वर उचलला जातो, नसलं की खाली राहतो. एका चादरीला असले शेकडो पुठ्ठे लागतात, आणि ते टोचायचं काम सायम्मानं बावीस वर्षं केलं होतं. समोर चौकटीच्या कागदावर मास्तरांनी, म्हणजे कारखान्याच्या डिझायनरनं, काढलेली नक्षी. शेजारी एक बाई बसून चौकटी मोठ्यानं वाचणार, दोन घ्या, तीन सोडा, एक घ्या, पाच सोडा. ती वाचणार, ही टोचणार. पायानं दाबायचं, बोटानं टोचायचं. मोर तिच्या बोटांतून गेले, कोयऱ्या गेल्या, ताजमहाल गेला. त्यातलं तिचं काहीच नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी साली कारखान्यात कॉम्प्युटर आला. सत्यनारायण मास्तर त्याच्यावर नक्षी काढू लागले. दुपारी ते घरी जेवायला जायचे. त्या तासात सायम्मा भाकरी उभ्यानं खायची आणि मशीनसमोर बसायची.

"मास्तरांना माहीत होतं?"

"धूळ पुसते म्हणून सांगितलं होतं. पुसत पण होते की. नऊ वर्षं मीच पुसली त्याची धूळ."

"आणि काय काढलंत?"

"आमच्या रंगखान्यात हौद होता. धुतलेलं सूत वर टांगलं की त्याचे थेंब हौदात पडायचे. थेंब पडला की गोल उठतो. त्याच्या शेजारी दुसरा पडतो, दुसरा गोल. मग एक गोल दुसऱ्यातनं जातो, आणि दोन्ही मोडत नाहीत. बघितलंय का तुम्ही?"

"बघितलं असेल."

"ते काढलं. सगळी चादर भरून. चौकटीत गोल काढायचा म्हणजे लई अवघड. जरा चुकलं की गोलाची पायरी होते. आठ महिने लागले." ती थांबली. "आता बुधवारी दाखवायचंय."

"कुणाला?"

"म्याकल शेठना. नवीन कारखाना काढलाय ना एमआयडीसीत. डिझायनर पाहिजे म्हणून कळलं. मी गेले. ते म्हणाले, तू पंचिंगवाली, तू काय काढणार? मी म्हटलं, काढलंय. तर म्हणाले, बुधवारी अकराला घेऊन ये, बघू."

म्याकल शेठ म्हटल्यावर मी खुर्चीत सरळ झालो. त्यांच्या नव्या कारखान्यातल्या बारा कॉम्प्युटरांची वर्षभराची देखभाल मला मिळायची बोलणी चालू होती. चालू काय, ठरल्यातच जमा होती. एवढं मोठं काम मला तोवर कुणी दिलं नव्हतं. त्यांच्याकडं जाणाऱ्या माणसाचं अडलेलं काम मी सोडवलं तर चांगलंच दिसेल, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

"परत काढता नाही येणार कागदावर?"

"पाच दिवसांत?" ती हसली. "इंजिनेर, तुम्ही कधी गोल काढलाय का चौकटीत?"

"मिळेल कार्ड," मी म्हटलं. "काळजी करू नका."

शनिवारी मी विजापूर वेशीतली भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली. टीव्हीचे पार्ट मिळाले, रेडिओचे मिळाले, असलं कार्ड कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग हैदराबादला ओळखीच्या एकाला एसटीडीवरून फोन लावला. तो म्हणाला, "भाई, ती कार्डं आता आम्ही चुलीत पण घालत नाही, धूर फार होतो." आता राहिला पुण्याचा जुना बाजार. तो रविवारी भरतो.

सायम्माला सांगितलं तर म्हणाली, "मी पण येते."

"तुम्ही कशाला?"

"मला ओळखू येतं ते. तुम्ही कुठं बघितलंय जळायच्या आधी?"

पहाटेची गाडी पकडून आम्ही गेलो. तिनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. दौंड येईपर्यंत ती खिडकीतून शेतांकडे बघत होती आणि बोटं वाजत होती. मी विचारलं, "आत्ता काय टोचलालाव अक्का?" तिनं दचकून हात पदराखाली घेतला.

जुन्या बाजारात गंजलेल्या पान्यांपासून बंद घड्याळांपर्यंत सगळं ताडपत्रीवर पसरलेलं असतं. दोन तास आम्ही फिरलो. शेवटी एका म्हाताऱ्याच्या ताडपत्रीवर, इस्त्र्या आणि टेलिफोनांच्या मधे, पाच-सहा कार्डं पत्त्यांसारखी उभी लावलेली दिसली. म्हातारा उन्हाकडं पाठ करून बसला होता.

मी एकेक उचलून पाहिलं. तिसऱ्या कार्डाला हव्या त्याच दोन जागा होत्या, एक रुंद पट्टीची, एक अरुंद. खालची कड आमच्या मशीनच्या खाचेत बसेल अशीच.

"हे!" मी म्हटलं.

सायम्मानं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "हे ते नाही."

"अक्का, तेच आहे."

"आमचं लांब होतं. पार ह्या टोकापर्यंत. आणि मधे मोठा चौकोन होता काळा. हे आखूड आहे."

"कंपनी वेगळी असेल. काम तेच करतं. एका कंपनीचा बल्ब काढून दुसरीचा लावला तर उजेड पडायचा राहतो का?"

"बल्बात काही लिहून ठेवत नाही कुणी," ती म्हणाली.

मी ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हातारा हे सगळं बघत होता. तो म्हणाला, "साहेब, ह्याची डिस्क पण आहे माझ्याकडं. जोडीनं निघालेत. जोडी घेऊन जा."

"डिस्क आहे आमच्याकडं."

"ती दुसरी असंल. हे कार्ड ह्या डिस्कचं आहे. एक घेऊन काय करणार?"

"चाचा," मी म्हटलं, "कार्ड घ्यायला आलोय, डिस्क गळ्यात मारू नका."

म्हाताऱ्यानं खांदे उडवले आणि कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलं. "तुमची मर्जी. इंजिनियर तुम्ही."

ह्या खेपेला मी नाही म्हटलं नाही.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती. न्हालेली, केसांत अबोली, हातात नवाकोरा चौकटीचा कागद. नक्षी दिसली की उतरवून घ्यायची, म्हणजे बुधवारी कागदच नेता येईल.

मी कार्ड बसवलं. खाचेत गच्च बसलं. दोन्ही पट्ट्या जोडल्या, वीज दिली. डिस्क फिरू लागली, विहिरीवरच्या रहाटासारखी आधी कुरकुरत, मग एकसुरी. सायम्मा माझ्या पाठीमागं उभी होती. तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता.

पडद्यावर आलं की डिस्क वाचता येत नाही.

"होईल," मी म्हटलं. "नवीन कार्ड आहे, त्याला डिस्कची ओळख करून द्यावी लागते."

कार्डाचा स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्यानं डिस्कची मापं विचारली. डिस्कच्या अंगावर चिठ्ठी होती, तिच्यावर बारीक आकडे. मी वाकून एकेक मोठ्यानं वाचत गेलो आणि टाइप करत गेलो. "सहाशे पंधरा. चार. सतरा." मग इंग्रजीत दोन ओळींचा प्रश्न आला. मी पहिली ओळ वाचली. तिच्यात डिस्क तयार करण्याबद्दल काहीतरी होतं. दुसरी वाचली नाही. शेवटी हो किंवा नाही विचारलं होतं. मी हो दाबलं.

डिस्क वाजू लागली. टक्, टक्, टक्, एकसारखी, सुतारपक्ष्यासारखी. पडद्यावर आकडा चढत होता. वीस, एकवीस, बावीस.

"बोलायला लागली बघा," मी म्हटलं.

 सायम्माचा खुर्चीच्या पाठीवरचा हात उचलला गेला होता.

आकडा शेवटाला पोचला आणि थांबला. मी मशीन पुन्हा सुरू केलं, डिस्कवर काय काय आहे ते विचारलं. काहीच नव्हतं. दुसऱ्या तऱ्हेनं विचारलं. नव्हतं. डिस्क चांगली होती, स्वच्छ होती आणि कोरी होती.

तेव्हा मला कळलं. प्रत्येक कंपनीच्या कार्डाचं अक्षर वेगळं. एकानं डिस्कवर लिहिलेलं दुसऱ्याला लागत नाही. लागत नाही म्हणजे त्याच्या लेखी तिथं काही लिहिलेलंच नाही, आणि मग ते विचारतं, सगळी नव्यानं आखून घेऊ का? दुसरी ओळ तीच होती. मी थांबलो असतो आणि जुन्यासारखंच लांब कार्ड शोधलं असतं, तर एक ना एक दिवस चादर निघाली असती. बाजारातला म्हातारा खरं बोलत होता.

मी खुर्ची फिरवली नाही. पडद्याकडं बघतच म्हटलं, "अक्का, डिस्क आधीच गेलेली होती. दोन वर्षं खाटेखाली, दमट हवा लागते, मग..."

"सोलापुरात दमट हवा?"

मी उगाच पुन्हा डिस्कवर काय आहे ते विचारलं.

"तुम्ही पुसलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी बघलालते ना मागनं. मशीन आलं त्या दिवशी मुंबईचा माणूस असाच बसला होता. हेच आकडे. सहाशे पंधरा, चार, सतरा. मग हो दाबलं, आणि अशीच टक टक टक. मास्तरांना सांगून गेला, आता ही डिस्क कोरी केलीय, हे परत कधी दाबायचं नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोललात का नाही?" मी उठलोच. राग आला होता मला, आणि तो तिच्यावर काढायला जागा मिळाली म्हणून बरंही वाटलं होतं. "पाठीशी उभ्या होता! एक शब्द बोलायचा! हात धरायचा माझा!"

सायम्मानं माझ्याकडं बघितलं. सव्वीस वर्षांच्या माणसाकडं बघावं तसं नाही, मागात गुंतलेल्या धाग्याकडं बघावं तसं.

"तुम्ही वाचत होता ना," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"वाचणारा आकडे वाचत असला की टोचणारीनं बोलायचं नसतं. मधे बोललं की वाचणारा चुकतो, एक भोक चुकतं, पुठ्ठा वाया जातो, आणि पुठ्ठा वाया गेला की सगळी चादर तिरकी. बावीस वर्षं केलं हे. एकदा घरी सासरे गेल्याचा निरोप आला, तर निरोप्याला दारात थांबवून ओळ संपवली मी. तुमचं सतरा म्हणून झालं की सांगणार होते. तोंड उघडलं होतं. पण तुम्ही सतरा म्हणालात आणि लगेच दाबलंत."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. मी परत खुर्चीत बसलो.

"आणि दुसरं सांगू का?" ती म्हणाली. "मला वाटलं, इंजिनेर आहेत, त्यांना माहीत असेल. मला माहीत आहे ते त्यांना नसेल, असं कसं होईल?"

तिनं चौकटीच्या कागदाची सुरळी केली. अबोलीचं एक फूल खाली पडलं होतं, ते उचललं. निघताना दारात थांबली.

"बुधवारी तुम्ही या माझ्याबरोबर. काय झालं ते शेठना सांगा."

"अक्का, त्यांच्या बारा मशीनचं काम मला मिळायचंय. दुसऱ्याची डिस्क मी पुसली असं सांगितलं तर ते काम जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

एवढंच. 'तरी या' म्हणाली नाही, 'नका येऊ' म्हणाली नाही. मशीनही माझ्याकडेच ठेवून गेली.

मंगळवारी मी काय केलं ते नीट आठवत नाही. दुकान उघडं होतं. एक मॉनिटर दुरुस्त केला असावा.

बुधवारी अकराला मी गेलो. जाताना बसमध्ये मनाशी जुळवून ठेवलं होतं. खोटं काही बोलायचं नाही. 'डिस्कवर काय होतं ते मी पाहिलेलं नाही,' एवढंच सांगायचं. ते तर खरंच होतं.

म्याकल शेठच्या खोलीत नव्या रंगाचा वास होता. शेठ साधा माणूस, एके काळी स्वतः माग चालवलेला. समोर सायम्मा उभी होती, खुर्ची असूनही.

"ये बे मल्लू. तुझंच नाव घेतलालीय ही. म्हणते कॉम्प्युटरात चादर होती आणि आता नाही. हे काय आहे? होती का चादर?"

"मी पाहिली नाही शेठ," मी म्हटलं.

सायम्मा खिडकीबाहेर बघत होती. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, दुसऱ्या कारखान्याची भिंत होती.

"बघितली नाही म्हणजे?"

"पाहायच्या आधी पुसली." वाक्य माझ्या तोंडून गेलं, आणि मग पुढचं थांबवता आलं नाही. "मी पुसली. चुकीचं कार्ड लावलं. ह्या म्हणत होत्या हे ते नाही, मी ऐकलं नाही. मशीननं विचारलं सगळं कोरं करू का, मी न वाचता हो म्हटलं. डिस्क चांगली होती. काही बिघडलेलं नव्हतं तिच्यात."

शेठनी चष्मा काढला. "न वाचता?"

"हो."

"आणि माझ्या बारा मशीनला तू हात लावणार होतास."

"होतो," मी म्हटलं. 

शेठ थोडा वेळ चष्म्याची काच धोतराला पुसत राहिले. मग सायम्माकडं वळले. "हा खरं बोलतोय असं धरू. तरी ह्यानं चादर बघितलेली नाही. मीही बघितलेली नाही. आता मी काय समजायचं, सांग तू."

"काही समजू नका," सायम्मा म्हणाली.

"डिझायनर म्हणून नाही घेता येणार मला."

"नाही."

"पंचिंगला जागा आहे. पाहिजे असली तर उद्यापासून ये."

मला वाटलं ती नाही म्हणेल. मी तिच्या जागी असतो तर पायात चपला घालून निघालो असतो. ती म्हणाली, "येते. पण दुपारच्या सुट्टीत मला कॉम्प्युटर लागेल."

"कुठला कॉम्प्युटर?"

"कुठला पण. जेवायच्या सुट्टीत तुमचे बाराच्या बारा रिकामेच असतात की."

शेठ हसायला लागले. पण हसता हसता त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं, मला वाटतं पहिल्यांदाच. "धूळ पुसायला लागेल मग त्याची," ते म्हणाले.

"पुसते की."

बारा मशीनचं काम पुण्याच्या एका मोठ्या दुकानाला गेलं. मी ते वर्ष कसंबसं काढलं. दुकानाची पाटी तीच राहिली, आणि पडद्यावर काही विचारलं की शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचायची सवय लागली. गिऱ्हाईकं कुरकुरायची, हा फार वेळ लावतो म्हणून.

सायम्माला मात्र मी टाळत होतो. एकदा भाजीबाजारात दिसली, तर कांद्याच्या ढिगाआड झालो.

दिवाळीनंतर तिचा निरोप आला. घरी या. साखरपेठेत एका बोळात दोन खोल्या होत्या. मी गेलो तेव्हा ती एकटीच होती. नोव्हेंबरचं ऊन दारातून आत पसरलं होतं. तिनं पाणी दिलं, मग खाटेवरची चादर उचलून माझ्यासमोर उलगडली.

निळ्यावर पांढरे गोल. एक गोल दुसऱ्यातून जाणारा, दुसरा तिसऱ्यातून, आणि कुठलाच मोडलेला नाही. मी जवळ जाऊन कडा पाहिल्या. पायरी कुठं दिसत नव्हती. चादर तशीच धरून ती उभी होती, दोन्ही हात पसरून, आणि हौदातलं पाणी हलत होतं.

"काढलीत परत," मी म्हटलं.

"नऊ महिने लागले. मशीन नवीन, माझे डोळे जुने. मागच्या हप्त्यात मागावर गेली. शेठ म्हणाले, आता पंचिंग दुसऱ्या कुणाला तरी शिकव, तू वर बस."

"म्हणजे डिझायनर?"

"म्हणजे वर बसते. कागदावर मास्तर लिहिलंय." ती हसली. "मास्तरीण लिहा म्हटलं, तर कारकून म्हणतो तसला शब्द नाही यादीत."

मीही हसलो. खूप दिवसांनी मला हलकं वाटत होतं. चादर खरोखर सुंदर होती, आणि मला त्या क्षणी एक गोष्ट हवी होती. ती मागायचा मला हक्क नव्हता, तरी मी मागितली.

"अक्का, खरं सांगा. जी पुसली गेली, तिच्यापेक्षा ही चांगली झाली का?"

 सायम्मानं चादरीकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, एकेक गोल मोजल्यासारखं. माझं समाधान व्हावं म्हणून ती हो म्हणू शकली असती. तसं म्हणायला तिला काहीच पडलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

मग चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, आणि आम्ही दोघांनी मिळून तिची घडी घातली.